कोठडीतली जखम आणि कायद्याची दखल

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आंदोलन पेटले, दगडफेक झाली, मग धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता, वय 35. दोन दिवस पोलीस कोठडी, त्यानंतर न्यायालयीन कोठडी, आणि 15 डिसेंबरच्या सकाळी मृत्यू. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण, असे प्राथमिक मत डॉक्टरांनी नोंदवले. सोमनाथच्या आईने याच शहरातल्या खंडपीठात धाव घेतली. 4 जुलै 2025 रोजी न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या पीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै रोजी फेटाळले.

या प्रकरणावर बरेच लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु आपल्याला मारहाण झाली अशी तक्रार परभणीत अटक झालेल्या इतरांनीही केली होती. ते जगले. कोठडीत किंवा तुरुंगात जखमी होऊन जगलेल्या माणसाला कायदा नेमके काय देतो? कोठडीमृत्यूच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत आढावा त्याचाच आहे.

तुरुंगाच्या भिंतीआत घटना पोहोचते

आपल्या तुरुंगव्यवस्थेचा पाया 1894 च्या कारागृह अधिनियमाने घातला. हा कायदा शिस्तीचा होता, फटक्यांची शिक्षासुद्धा त्यात होती. तरीही एक तरतूद त्याच्या कर्त्यांनी घालून ठेवली, आणि तिचे महत्त्व आज अधिक जाणवते. नवीन बंदी आत आला की त्याची वैद्यकीय तपासणी करायची आणि अंगावरच्या जखमा व खुणा नोंदवहीत लिहायच्या, असे कलम 24 सांगते. त्या काळी हेतू ओळख पटवण्याचा आणि कामाला माणूस धडधाकट आहे की नाही हे पाहण्याचा असावा. आज तीच नोंद कैद्याच्या हातातला पहिला पुरावा ठरू शकते.

कैद्याला मूलभूत अधिकार असतात, हे मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ स्पष्ट नव्हते. ते स्पष्ट झाले सुनील बत्रा या फाशीच्या कैद्यामुळे. तिहारमधल्या एका वॉर्डरने सहकैद्याला काठीने गंभीर जखमी केल्याचे पत्र त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले, आणि शिक्षा झाली म्हणून माणूस अनुच्छेद 21 च्या बाहेर जात नाही, असे 1979 च्या निकालात ठामपणे सांगितले. आज ज्याला आपण कैद्यांच्या हक्कांचा कायदा म्हणतो, त्याची सुरुवात अशी एका जिवंत, जखमी कैद्यापासून झाली. पुढे त्याचा सारा भर मृत्यूकडे कसा सरकला, हा या विषयातला विचार करायला लावणारा भाग आहे.

भरपाईचा रस्ता त्याहून उशिरा उघडला. राज्य सार्वभौम आहे, त्याच्या नोकरांनी अधिकार बजावताना केलेल्या चुकीबद्दल राज्यावर दावा चालत नाही, असा 1964 च्या कस्तुरीलाल निकालाचा दंडक होता. भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याचे प्रकरण न्यायालयासमोर आले तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. सुटकेचा आदेश होऊनही चौदा वर्षे तुरुंगात अडकलेल्या रुदुल शाह यांना सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये थेट रिट याचिकेत 35 हजार रुपये देवविले. 1993 च्या नीलाबती बेहेरा निकालाने तत्त्व पक्के केले: मूलभूत अधिकाराचा भंग झाला असेल तर सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. त्या प्रकरणात ओडिशातल्या 22 वर्षांच्या मुलाचा मृत्यू रेल्वेखाली सापडून झाला असे पोलीस सांगत होते. न्यायालयाने ते मानले नाही आणि आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्राचा वाटा

या घडणीत महाराष्ट्रातल्या प्रकरणांचा हिस्सा मोठा आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निर्दोष सोडले, देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. पुराव्याचे ओझे कोठडीच्या संदर्भात उलटवता येते, हे संसदेने तेव्हा मान्य केले. मारहाणीच्या जखमेबाबत मात्र ते पाऊल अजून उचललेले नाही.

पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात 15 स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. 1983 च्या त्या निकालाने दंडाधिकाऱ्यावर एक साधे कर्तव्य टाकले. आरोपी समोर आला की छळाची काही तक्रार आहे का, हे त्याला विचारायचे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे सांगायचे.

ख्वाजा युनूस हा परभणीचा तरुण अभियंता. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर 2002 मध्ये पकडला गेला. औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, अशी पोलिसांची हकिकत होती. कोठडीत त्याला अमानुष मारहाण झाली, असे सोबतच्या आरोपीने न्यायालयात सांगितले. मृतदेह कधीच मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये भरपाई 20 लाखांपर्यंत वाढवली, फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. या दोन मार्गांच्या गतीतला फरक येथे लख्ख दिसतो.

पीसीआर, एमसीआर आणि मधली जागा

पोलीस ठाण्याच्या बोलीत पोलीस कोठडीला पीसीआर आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर म्हणतात. जखमी माणसासाठी हा फरक कळीचा आहे, कारण पहिल्यात जबाबदारी गृहखात्याच्या पोलीस शाखेची, दुसऱ्यात कारागृहाची. जखम झाली कधी, यावर कोणाला जाब विचारायचा हे ठरते.

कागदावरची साखळी चांगली आहे. डी. के. बसू निकालाने, म्हणजे डिसेंबर 1996 पासून, अटकेच्या वेळी मागणी केल्यास शरीरावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद करायची, त्यावर आरोपी आणि पोलीस दोघांनी सह्या करायच्या, आणि कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 53 अटकेनंतर लगेच तपासणी सक्तीची करते. डॉक्टरने जखमा किंवा हिंसेच्या खुणा लिहायच्या, त्या अंदाजे कधीच्या हे लिहायचे, आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सुचवलेल्या व्यक्तीला द्यायची. नंतर दंडाधिकाऱ्याचा प्रश्न. नंतर तुरुंगाच्या दारातली तपासणी. चार ठिकाणी नोंद, तीही चार वेगवेगळ्या हातांची.

साखळी तुटते ती माणसे एकमेकांसमोर उभी असल्यामुळे. डॉक्टरपुढे आरोपी येतो तो पोलिसासोबत. दंडाधिकाऱ्यापुढेही तसाच, आणि परत त्याच पोलिसाच्या गाडीत बसायचे असते. सूर्यवंशी प्रकरणात मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले, की दंडाधिकाऱ्यापुढे सोमनाथने मारहाणीची तक्रार केली नव्हती, चित्रीकरणात अत्याचार दिसत नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता. सरकारने दहा लाखांची मदतही जाहीर केली, कुटुंबाने ती नाकारली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र पोलिसांना जबाबदार धरणारा होता. तक्रार केली नाही याचा अर्थ मारहाण झाली नाही असा घ्यायचा की बोलण्याची सोय नव्हती असा घ्यायचा, हा केवळ एका प्रकरणातला वाद नाही. माझ्या मते दंडाधिकाऱ्याने पोलिसांना बाहेर थांबवून विचारलेला प्रश्न आणि भरल्या दालनात विचारलेला प्रश्न यांना सारखे वजन देता येणार नाही.

नव्या संहितेने आणखी एक गुंता आणला आहे. पूर्वी पोलीस कोठडी रिमांडच्या पहिल्या 15 दिवसांतच मिळे. आता कलम 187 नुसार ते 15 दिवस गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यांनी घेता येतात. तपासाच्या सोयीसाठी हे आवश्यक आहे, आरोपी रुग्णालयात दाखल होऊन कोठडीचे दिवस वाया घालवतात, असे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. पण माणूस तुरुंगातून ठाण्यात आणि ठाण्यातून तुरुंगात असा फिरू लागला, तर जखम कोणाच्या ताब्यात झाली हे सांगणे अवघड होते. प्रत्येक फेरीला स्वतंत्र तपासणी झाली तरच हा घोळ टळेल.

सिद्ध कोणी करायचे

इथे मते खरोखर विभागलेली आहेत. एक बाजू 1995 च्या श्यामसुंदर त्रिवेदी निकालात दिसते. पोलीस एकमेकांविरुद्ध साक्ष देत नाहीत, बंद भिंतीआड दुसरा साक्षीदार नसतो, तेव्हा संशयातीत पुराव्याचा नेहमीचा आग्रह धरला तर न्याय मिळणारच नाही, असे न्यायालयाने तिथे म्हटले. विधि आयोगाने त्याच्याही आधी, 1985 च्या 113 व्या अहवालात, कोठडीत जखम झाली तर ती ताब्यात ठेवणाऱ्या पोलिसानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी दुरुस्ती सुचवली. 2017 च्या 273 व्या अहवालात ती सूचना पुन्हा केली. 2024 मध्ये साक्षीपुराव्याचा कायदा नव्याने अंमलात आला, तरी हे गृहीतक त्यात नाही.

दुसरी बाजू 2006 च्या सुबे सिंग निकालाची. रिट याचिकेत भरपाई द्यायची तर हक्कभंग निर्विवाद हवा. वैद्यकीय पुरावा, व्रण किंवा अपंगत्व नसेल तर न्यायालयाने सावध राहावे, कारण सराईत गुन्हेगारही तपास रोखण्यासाठी छळाचे आरोप करतात. ही भूमिका पोलिसांच्या बाजूची म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. तपास अधिकाऱ्यांवर खोट्या तक्रारी होतात, हे वकिलांनाही ठाऊक असते. अडचण इतकीच की तिचा भर वैद्यकीय कागदावर आहे, आणि तो कागद तयार करणारी यंत्रणा कैद्याच्या हातात नसते. तळपायावर मारलेल्या पट्ट्याचा वळ आठवडाभरात फिका पडतो.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिढा वेगळ्या तऱ्हेने सोडवला. 1992 च्या तोमासी आणि 1995 च्या रिबिच प्रकरणांपासून तिथे पायंडा पडला, की माणूस धडधाकट आत गेला आणि जखमी बाहेर आला, तर त्या जखमांचा खुलासा राज्याने द्यायचा. म्हणजे पुन्हा सारे आत जातानाच्या तपासणीवर येऊन थांबते, 1894 च्या त्या नोंदवहीवर.

दाद कुठे मागायची

मार्ग चार आहेत. उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली याचिका हा सर्वांत परिणामकारक. मराठवाडा, खानदेश आणि अहिल्यानगर मिळून बारा जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ आहे, त्यामुळे हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्याला मुंबई गाठावी लागत नाही. वकील परवडत नाही ही अडचणही कायद्याने दूर केली आहे: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो.

दुसरा मार्ग राज्य मानवी हक्क आयोगाचा. अर्ज साधा, खर्च नाही. पण घटनेपासून एक वर्षानंतरची तक्रार आयोग घेत नाही, आणि भरपाईची तो शिफारस करतो. तिसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. सरकारला दोन महिन्यांची नोटीस, कोर्ट फी, मुदत. आणि माणूस तुरुंगात आहे म्हणून मुदतीचा कायदा सवलत देत नाही. हा मार्ग व्यवहारात फार थोडे जण धरतात. तरी 2000 चा चल्ला रामकृष्ण रेड्डी निकाल अशाच दाव्यातून आला. आंध्रच्या कोइलकुंटला उपकारागृहात 1977 मध्ये बाहेरच्यांनी बॉम्ब टाकले, वडील मेले, मुलगा जखमी होऊन वाचला. हल्ला सरकारी माणसाने केला नव्हता, तरीही पहारा ढिला ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. सहकैद्याने केलेल्या हल्ल्यातही हेच तत्त्व लागू पडते: ज्याला स्वतःच्या रक्षणासाठी पळता येत नाही, त्याचे रक्षण करणे ताब्यात ठेवणाऱ्याचे काम.

चौथा मार्ग फौजदारी. कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा आहे; शिक्षा सात वर्षांपर्यंत, जबर दुखापत असेल तर दहा. आड येतात दोन गोष्टी. एक म्हणजे सरकारची पूर्वपरवानगी. नव्या संहितेत 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असे धरले जाते, ही सुधारणाच आहे. दुसरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 161 ची सहा महिन्यांची मुदत. कबुलीसाठी मारणे हे कर्तव्याच्या नावाखाली येत नाही, म्हणून ते कलम अशा पोलिसाला वाचवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच आत्माराम प्रकरणात 1966 मध्ये सांगितले. साठ वर्षे झाली, तरी दोन्ही बचाव खटल्यांत घेतले जातात आणि त्यांवरच्या युक्तिवादात वर्षे जातात. शिक्षा होतच नाही असे मात्र नाही. 1993 च्या नागपूरच्या एका कोठडीमृत्यूत पोलिसांची शिक्षा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांवरून सात केली. मध्ये पंचवीस वर्षे गेली होती.

तुरुंगाची स्वतःची अडचण

कारागृह अधिकाऱ्यांची बाजू क्वचित ऐकली जाते. बरॅक भरलेल्या, वॉर्डर थोडे, टोळ्यांची भांडणे, रात्री पूर्णवेळ डॉक्टर नाही. जखमी बंद्याला घाटीत न्यायचे तर पोलीस बंदोबस्त लागतो. तो पोलीस मुख्यालयाकडून यायचा असतो आणि सण, सभा, मोर्चा असला की तो मिळत नाही. उपचाराला झालेल्या उशिराचा दोष मग एकट्या अधीक्षकावर येतो. हे गाऱ्हाणे खरे आहे. तरीही मनुष्यबळ कमी असल्याने हक्क कमी होत नाही, ही न्यायालयांची भूमिका 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून टिकून आहे: जखमी माणूस निरपराध असो वा आरोपी, आधी त्याचा जीव वाचवायचा.

तुरुंगाच्या कारखान्यात यंत्रावर झालेली दुखापत हा आणखी दुर्लक्षित विषय. सक्तमजुरीचा कैदी कामगार आहे का? करार नाही, म्हणून कर्मचारी भरपाईच्या तरतुदी त्याला सरळ लागू करता येत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तिहारमध्ये काम करताना हाताची बोटे गमावलेल्या कैद्याच्या प्रकरणात भरपाई ठरवण्याची पद्धत घालून दिली. महाराष्ट्रात हर्सूल, येरवडा, नाशिकच्या कारखान्यांत सुतारकाम, विणकाम चालते. दिल्लीचा तो निकाल इथे बंधनकारक नाही, मार्गदर्शक मात्र नक्कीच ठरू शकतो.

जे अजून सुटलेले नाही

2005 च्या दुरुस्तीने कोठडीतला मृत्यू, बेपत्ता होणे आणि बलात्कार यांची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी सक्तीची केली. आज ती कलम 196 मध्ये आहे. हात मोडला, कानाचा पडदा फाटला, मूत्रपिंड निकामी झाले, तर ती सक्ती नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तुरुंगातल्या मृत्यूंसाठी भरपाईचे धोरण मंजूर केले: कामावरचा अपघात, वैद्यकीय हलगर्जी, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांतली हाणामारी यांत मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख, आत्महत्येत एक लाख. कारणांची यादी नेमकी तीच, ज्यांतून माणसे जखमी होऊन जगतातही. जगलेल्यांसाठी मात्र त्यात रक्कम नाही. मारहाणीत मेलेल्याच्या कुटुंबाला ठरलेले पैसे आणि त्याच मारहाणीत पांगळा झालेल्याला वर्षानुवर्षांची याचिका, ही विसंगती मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत टोचणारी वाटते.

कलम 196 चा अहवाल आल्यावर पुढे कोणी, किती दिवसांत, काय करायचे हे संहितेत लिहिलेले नाही. परभणी प्रकरणात अहवाल असूनही गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले ते याच उणिवेमुळे.

छळविरोधी स्वतंत्र कायद्याचा प्रश्नही लोंबकळतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर 1997 मध्ये सही केली, अनुसमर्थन केले नाही. 2010 चे विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेच्या निवड समितीकडे गेले आणि व्यपगत झाले. असा कायदा करा असा आदेश संसदेला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सांगितले. सध्याच्या तरतुदी पुरेशा आहेत, अंमलबजावणी कमी पडते, असे मानणारे कायदेतज्ज्ञ आहेत. आणि व्याख्याच नाही तिथे अंमलबजावणी कशाची, असे विचारणारेही. जखमी कैद्यापुरते पाहिले तर दुसऱ्यांचे पारडे जड वाटते, कारण विजेचा झटका, झोपू न देणे, धमकी यांची वळ न उठवणारी दुखापत आजच्या दुखापतीच्या कलमांत नीट बसत नाही.

यांपैकी सर्व काही दिल्लीवर अवलंबून नाही. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे. मृत्यूच्या भरपाईचे धोरण मंत्रिमंडळाने जसे केले, तसेच कायम अपंगत्वाचे कोष्टक त्याला जोडता येते. तुरुंगाच्या दारातल्या तपासणीचे छायाचित्रांसह अहवाल त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवण्याचा नियम करता येतो. आणि जखम आढळली तर ज्याच्या ताब्यातून बंदी आला त्या ठाण्याकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय त्याला आत घ्यायचे नाही, हा अधिकार अधीक्षकाला देता येतो. तिन्हींसाठी पुरेल एवढा अधिकार राज्य विधिमंडळाकडे आणि गृहखात्याकडे आजच आहे.